काळ्या ज्योतीचं मुखपृष्ठ

अमेरिकेतल्या नोव्हायच्या मराठी मंडळात प्रतिमा मोहरीलला सगळे ओळखतात. दिवाळी अंकाचं कव्हर करणाऱ्या काकू. चौदा वर्षं मंडळाच्या अंकाचं मुखपृष्ठ तिच्याच हातचं. अंक तसा बेताचाच. साठ पानं, त्यातली वीस जाहिरातींची, घरं विकणाऱ्यांपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत. चार कविता, मुलांनी काढलेले गणपती आणि अलास्काच्या क्रूझचं एक प्रवासवर्णन. ते दर वर्षी असतंच, फक्त जोडपं बदलतं. पण कव्हर पाहून लोक म्हणायचे, अंक अगदी पुण्याहून छापून आल्यासारखा दिसतो. मिशिगनमध्ये याहून मोठी स्तुती नाही.

आणि या चौदा वर्षांत तिने काढलं काय, तर पणती घेतलेली बाई. कधी नऊवारीतली, कधी पाचवारीतली, एकदा तर जीन्सवर नथ घातलेली, कारण त्या वर्षीच्या संपादकांना ‘कंटेम्पररी’ काहीतरी हवं होतं. प्रतिमाला त्याचं काही वाटत नसे. ती नागपूरला कमर्शियल आर्ट शिकलेली. लग्नाआधी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीसाठी चित्रं काढायची. गिऱ्हाइकाला हवं ते द्यावं आणि आपलं मन घरी ठेवून यावं, हा धडा तिथेच पक्का झाला होता. तिने मन घरी ठेवलं. त्यालाही आता तेहतीस वर्षं झाली होती.

आता त्या घराबद्दल. चार बेडरूमचं, खाली बेसमेंट, पुढे दोन गाड्यांचं गॅरेज, त्यात एक गाडी. नवरा अरुण गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरला त्याचे वडील न्हाणीघरात पडले, खुबा मोडला. वडील एक्क्याण्णव वर्षांचे. अरुणने थोडी लवकरच निवृत्ती घेतली आणि दोन महिन्यांत येतो म्हणून गेला. खुबा सांधला, पण मग त्यांना विसर पडायला लागला. आता ते अरुणशिवाय कोणाच्या हातून घास घेत नाहीत. प्रतिमाला जाता येईना, कारण दोघांचा हेल्थ इन्शुरन्स तिच्या नोकरीवर होता आणि अरुणच्या हृदयात दोन स्टेंट. नोकरी घरून करायची, पण देशाबाहेर बसून केलेली चालत नसे. दिवसभर स्क्रीनवर अनोळखी लोकांची आजारपणं वाचायची आणि ज्या त्या रकान्यात टाकायची. मुलगा निमिष सांता क्लाराला. तो रविवारी फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘हाय आई, ऑल गुड?’ प्रश्नातच उत्तर घालून दिल्यावर माणूस दुसरं काय बोलणार?

अरुणला जाऊन चौदा महिने होत आले होते. घरात कोणी वारलं असतं तर लोक आले असते. नवरा भांडून निघून गेला असता तर निदान दोन मैत्रिणी नक्की आल्या असत्या, एक धीर द्यायला आणि एक बातमी काढायला. इथे तसं काहीच नव्हतं. मुलगा बापाची सेवा करतोय, सून नोकरी सांभाळतेय, सगळं कौतुकाचं. आणि कौतुक दुरूनही करता येतं. इंडियन ग्रोसरीत भेंड्या निवडता निवडता लोक विचारायचे, ‘काकांच्या वडिलांचं कसं आहे?’ ती म्हणायची, ‘आहेत तसेच.’ मग विचारणारा कोथिंबिरीकडे वळायचा.

प्रतिमा फार एकटी पडली होती. हे असं सरळच सांगायला हवं, कारण तिने ते कोणाला सांगितलं नाही. ज्या दिवशी ऑफिसची मीटिंग नसे त्या दिवशी संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं, की आज सकाळपासून आपण तोंडातून शब्द काढलेला नाही. मग ती कुकरला म्हणायची, ‘पुरे आता, झाल्या तीन.’ आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकायची.

जानेवारीत तिने कम्युनिटी कॉलेजात शनिवारचा छपाईचा वर्ग लावला. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरणीने चित्र कोरायचं, रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवून घासायचं. जे कोरून काढलं ते पांढरं राहतं, जे ठेवलं ते छापलं जातं. शिकवणारी डोना सत्तरीची, बोटं कायम काळी. एप्रिलमध्ये तिने सगळ्यांना डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये नेलं आणि एका लांब टेबलावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जर्मन मासिकांची मुखपृष्ठं पाहायला मिळाली.

प्रतिमा पहिल्याच मुखपृष्ठापाशी थांबली. विळीवर चिरल्यासारखे चेहरे. घरं कलंडलेली, रस्ता उभाच्या उभा चढलेला, माणूस हिरवा नाहीतर नुसताच काळा, हात अंगापेक्षा मोठे. एकावर कोणीतरी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि त्याच्या पाठीनेच सगळं पान भरलं होतं. मासिकाच्या नावाला कशीबशी कोपऱ्यात जागा उरली होती. तिने वाकून ती पाठ जवळून पाहिली. आपल्या घरात, सोफ्यावर, संध्याकाळी सहा वाजता अशीच पाठ असते, हे या माणसाला कुठून कळलं?

डोना मागून म्हणाली, ‘माणूस कसा दिसतो ते यांनी काढलं नाही. त्याला आतून कसं होतंय ते काढलं. आणि हे घरात लावायचं चित्र नाही, लक्षात घ्या. मासिकाचं कव्हर आहे. दुकानात टांगलेलं असायचं.’

म्हणजे हे मुखपृष्ठावर चालतं! प्रतिमा तर मुखपृष्ठाला अंकाची साडी समजत आली होती, चारचौघांत जायचं म्हणून नेसवलेली. गाडीत बसल्यावर तिला राग आला. कोणाचा ते नीट कळलं नाही. बहुधा त्या चौदा बायकांचा.

ऑगस्टअखेर संपादक हिमानीचा मेसेज आला. हिमानी पस्तिशीची, तीन वर्षं अंक सांभाळणारी, कामाला वाघ. ‘काकू, कव्हर सप्टेंबर एंडपर्यंत मिळेल ना? नेहमीसारखं मस्त!’

प्रतिमाने डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. टेबल आठ खुर्च्यांचं. घेतलं तेव्हा घरात माणसं मावत नसत. पणतीवाली बाई काढायची हे ठरलेलंच होतं, तिने तीच काढायला घेतली. बाई टेबलाशी बसली. टेबल आपोआप तिरपं झालं. सात रिकाम्या खुर्च्या तिच्याकडे पाठ फिरवून बाजूला झुकल्या, एखाद्या नकोशा पाहुण्यापासून सरकावं तशा. चेहरा पंधरा-वीस घावांत झाला. एक डोळा मोठा, एक बारीक, दोन्ही पानाच्या कडेकडे, जिथे दार असावं तिथे लागलेले. तोंड उघडं. हात एवढे मोठे झाले की पणती त्यांत हरवायला लागली. ज्योत पांढरी हवी म्हणजे कोरून काढायला हवी. तिने कोरणी टेकवली, आणि तिच्याने ती ज्योत कोरवेना. तिने ज्योतीच्या भोवतालचं सगळं काढून टाकलं आणि ज्योत तशीच ठेवली. ती काळी छापली गेली.

चेहऱ्यासाठी वेगळा तुकडा कोरून तो आधी तांबड्या आणि हळदी रंगात छापला. कागद घासायला तिने आमटीचा लाकडी डाव पालथा घेतला. पहिली प्रत उचलून तिने उजेडात धरली. चित्र चांगलं झालं होतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत घरी ठेवलेलं मन त्या कागदावर आलं होतं, आणि ते मुळीच गोजिरवाणं नव्हतं. फोटो काढून तिने अरुणला पाठवला. त्याचा अंगठा आला. निमिषचं उत्तर आलं, ‘इंटेन्स, आई!’ मग तिने तो हिमानीला पाठवला.

तिला खरं तर फार काही नको होतं. कोणीतरी यावं, समोर बसावं, ते चित्र हातात घ्यावं आणि विचारावं, बाई, हे काय आहे? म्हणजे ती सांगणार होती. विचारल्याशिवाय सांगायची तिला सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी हिमानीचा फोन आला.

‘काकू, हाय. ड्राइव्ह करतेय, स्पीकरवर आहात हं. कव्हर बघितलं आम्ही सगळ्यांनी. खूप… म्हणजे खूप पॉवरफुल आहे.’

‘चालेल ना?’

‘हो हो. म्हणजे कमिटीत डिस्कस करतोय. काकू, तुम्ही ओके आहात ना?’

‘मी ओके आहे.’

‘नक्की? नाही, काकांशी बोलणं वगैरे होतं ना रोज?’

‘होतं की. का गं?’

‘अहो, सहजच. काळजी घ्या काकू. माझी एक्झिट आली, ठेवते.’

फोन ठेवल्यावर प्रतिमा स्वतःवरच चिडली. कागदावर एवढं तोंड उघडलं आणि फोनवर मात्र मिटून बसली! पण स्पीकरवर, एक्झिट यायच्या आत, काय सांगायचं होतं?

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी चुकून एक लिंक टाकली आणि दहा मिनिटांनी काढून घेतली. त्या ग्रुपमध्ये प्रतिमाही आहे, हे घाईत लक्षात राहिलं नसावं. तिने ती उघडून वाचलीही होती. ‘प्रतिमाकाकूंसाठी मील ट्रेन. काकू सध्या कठीण काळातून जात आहेत. प्लीज त्यांची प्रायव्हसी रिस्पेक्ट करा. बेल वाजवू नका. डबा पोर्चवर ठेवून टेक्स्ट करा. डिस्पोजेबलमध्येच द्या, म्हणजे परत करायचा त्रास नको. तिखट कमी.’ खाली चौदा तारखा, आणि दुपारपर्यंत चौदाही भरल्या होत्या.

इकडे बाळंतपण असो, ऑपरेशन असो, कोणाचे वडील गेलेले असोत, मंडळ पाळीपाळीने डबे पोचवतं. आणि खरोखर मनापासून पोचवतं, त्याला नावं ठेवायची सोय नाही. बिचाऱ्यांनी चित्र पाहिलं, बाई संकटात आहे एवढं त्यांना बरोबर कळलं, आणि संकटावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं. नागपूरच्या बाईला तिखट कमी, हा तर वरचा प्रसाद.

चौदा दिवस रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला दाराशी गाडी थांबायची. पावलं वाजायची, ॲल्युमिनियमचा ट्रे सिमेंटवर टेकल्याचा आवाज यायचा, पावलं परत जायची. मग फोनवर, ‘काकू, पनीर आहे. टेक केअर.’ चार माणसांना पुरेल एवढे छोले, पुलाव, पुन्हा पुलाव. पहिल्या दिवशी प्रतिमा साडी बदलून, चहाचं आधण ठेवून बसली होती. ती दारापर्यंत पोचली तोवर गाडीचे मागचे दिवे वळणावर होते. तिसऱ्या दिवशी तिने आधीच दार उघडून ठेवलं. एक तरुण मुलगा ट्रे घेऊन आला, तिला पाहून पायरीवरच थबकला.

‘सॉरी काकू, डिस्टर्ब नव्हतं करायचं.’

‘अरे, ये ना आत. चहा घे.’

‘नको नको, तुम्ही रेस्ट घ्या.’ त्याने ट्रे तिच्या पायाशी ठेवला, दोन पावलं मागे सरला आणि गेला.

त्या रात्रीचे छोले ती उभ्यानेच जेवली. एवढी माणसं दारापर्यंत येतात आणि एकही आत येत नाही, हे पूर्वीच्या एकटेपणापेक्षा वाईट होतं. पूर्वी निदान लोकांना माहीत नाही असं म्हणता येत होतं.

अकराव्या दिवशी पोर्चवर ट्रेच्या ऐवजी स्टीलचा चार पुडांचा डबा होता, कडी लावलेला. आत ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, कांदा आणि डोळ्यांतून पाणी काढील असा हिरव्या मिरचीचा ठेचा. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, ‘सौ. कमल त्र्यं. उपासनी, नाशिक’. ती त्या दिवशी बसून जेवली. डबा घासून तिने ओट्यावर पालथा घातला. कोणाचा, ते विचारायला हवं होतं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये मंडळाचा कार्यक्रम झाला. दिवे मंद झाले, अध्यक्षांनी रिबन सोडली, अंक निघाला आणि प्रेक्षकांत वाटला गेला. प्रतिमाच्या हातात आला तेव्हा तिने आधी तो उलटा आहे असं समजून फिरवला. मुखपृष्ठावर पणती घेतलेली बाई होती. गोरीपान, तुकतुकीत, पैठणीचा पदर वाऱ्यावर, मागे हजार दिवे. नथ उजव्या नाकपुडीत. आणि आत पहिल्याच पानावर, ‘मुखपृष्ठ : प्रतिमा मोहरील’.

‘काकू, नेहमीप्रमाणे सुंदर!’ शेजारच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. मध्यंतरात आणखी चौघांनी म्हटलं. एका बाईंनी तर फोटो काढून घेतला, दोघी मिळून अंक छातीशी धरून. प्रतिमा हसली. फोटोत हसावंच लागतं. मग तिने अंक पालथा धरला. चित्र नाकारलं असतं तर सोसलं असतं. इथे तिचं तोंड बंद करून वर तिचंच नाव लावलं होतं.

अंकाची मांडणी करणारा सिद्धेश उपासनी तिला वड्यांच्या रांगेत सापडला. चाळिशीचा, भला मुलगा, मंडळाची सगळी कॉम्प्युटरची कामं त्याच्याच गळ्यात.

‘सिद्धेश, हे कव्हर माझं नाही.’

तो कानापर्यंत लाल झाला. ‘काकू, आय नो. हिमानी तुम्हाला कॉल करणार होती. तुमची इमेज खूप डार्क होती हो. स्पॉन्सर्स म्हणाले, दिवाळीला ती बाई अशी किंचाळतेय… मग मी एआयवर करून घेतलं. पण तुमचं नाव काढायला बरं वाटेना. चौदा वर्षं आहे ना.’

‘निदान नथ तरी डाव्या बाजूला घालायची.’

‘ओह,’ सिद्धेश म्हणाला आणि अंकाकडे बघू लागला.

त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं. ती जायला वळली आणि मग तिला आठवलं. ‘उपासनी म्हणजे तुझ्याकडचेच का रे? माझ्याकडे एक डबा राहिलाय.’

‘अरे यार, तो डबा. सॉरी काकू, बाबा आलेत ना इंडियाहून, त्या दिवशी आमचा टर्न होता. मी त्यांना सांगितलं होतं डिस्पोजेबलमध्ये द्या म्हणून. ऐकत नाहीत. मी येऊन पोर्चवरून पिकअप करतो.’

‘नको,’ ती म्हणाली. ‘मी आणून देईन.’

मंगळवारी तिने सुट्टी टाकली आणि डबा घेऊन ओट्याशी उभी राहिली. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते हाडातच होतं. पण घालायचं काय? फ्रीझरमध्ये सगळा दुसऱ्यांचाच पुलाव. या वर्षी तिने फराळ केला नव्हता, एकटीसाठी चकल्या कोण पाडणार? खालच्या तीन पुडांत तिने साखर घातली, शास्त्रापुरती. मग हात पुसले, छापलेल्या प्रतींमधली एक घेतली आणि तिची चौघडी घालून वरच्या पुडात ठेवली. घरात तिच्या हातचं म्हणावं असं तेवढंच होतं. कागद दुमडताना बाईच्या कपाळावरून घडी गेली. तिने झाकण लावलं.

सिद्धेशचं घर सहा मैलांवर. बेल वाजवल्यावर बराच वेळ काही झालं नाही. ती परत फिरणार एवढ्यात कुलूप दोनदा चुकीच्या बाजूला फिरलं आणि दार उघडलं. दारात कानटोपी घातलेले म्हातारे गृहस्थ उभे होते, अठ्ठ्याहत्तर-एक वर्षांचे. सिद्धेशचे वडील, डब्यावरच्या नावातले ‘त्र्यं.’ म्हणजे त्र्यंबक.

‘मी प्रतिमा मोहरील. तुमचा डबा.’

‘या, या. आत या आधी.’ त्र्यंबककाकांनी डबा घेतला आणि हलवून पाहिला. ‘रिकामा नाही वाटतं. बसा. मुलं कामाला गेलीत. मी चहा टाकतो. मला इथला शेगडीचा खटका आता जमायला लागलाय, तोवर जायची वेळ आली.’

ती सोफ्यावर बसली. कोणाच्या घरात बसून किती दिवस झाले, ते तिने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. काकांनी चहा आणला आणि डब्याची कडी काढली. कागद उलगडला. आधी हात लांब करून पाहिला, मग चष्मा लावला, मग उठून खिडकीपाशी उजेडात गेले. चहावर साय धरली तरी ते तिथेच होते.

‘सिद्धेशने फोनवर दाखवलं होतं हे,’ ते म्हणाले. ‘म्हणाला, बाई किंचाळतेय, बघवत नाही. फोनवर केवढंसं दिसणार? मलाही तसंच वाटलं तेव्हा.’

प्रतिमाने आपला कप उचलला.

‘पण किंचाळणारा माणूस डोळे मिटून घेतो. मी नाशिकच्या एसटी स्टँडवर बत्तीस वर्षं माइकवर होतो, ताई. गाड्या पुकारायचो. हरवलेली मुलं पुकारायचो. माणसं किंचाळताना पाहिलीत आणि हाका मारतानाही पाहिलीत. हिचे डोळे दाराकडे आहेत.’ त्यांनी बाईच्या तोंडावर बोट ठेवलं. ‘ही हाक मारतेय.’

‘हो,’ प्रतिमा म्हणाली.

‘मग? दिली का कोणी ओ?’

तिला रडू फुटलं. हुंदके देऊन, आवाज करून ती रडली, परक्याच्या घरात, मांडीवर चहाचा कप. काकांनी कप काढून घेतला. ‘रडू नका’ म्हणाले नाहीत, कोणाला फोन केला नाही. समोरच्या खुर्चीवर बसून राहिले. मग तिने सगळं सांगितलं. अरुणचं, सासऱ्यांचं, कुकरशी बोलण्याचं, पोर्चवरच्या ट्रेंचं, अंकातल्या त्या तुकतुकीत बाईचं. सांगायला तासाहून जास्त लागला. मधे ते फक्त एकदा उठले, चहा गरम करायला.

‘त्या दिवशी सिद्धेश म्हणाला, हॉटेलातून काहीतरी मागवून देऊ त्या काकूंना,’ ते म्हणाले. ‘मी म्हटलं, मी करतो. इथे दिवसभर कोणाचा आवाज नसतो. कोणासाठी तरी भाकरी थापायला मिळाली, बरं वाटलं. येणारच होतो तुमच्याकडे, पण मला गाडी येत नाही आणि इथे चालत कुठे जाता येत नाही.’

‘आता या ना. मी घ्यायला येईन.’

‘परवा गुरुवारी विमान आहे माझं. व्हिसाचे सहा महिने संपले.’

तिने कप खाली ठेवला. त्यांनी नजर चुकवली आणि चित्राची घडी हाताने सपाट करायला लागले.

‘हे मी नेतो,’ ते म्हणाले. ‘पण एक विचारतो, ताई. तुमच्या यजमानांना गेली का ऐकू ही हाक?’

‘त्यांना फोटो पाठवला होता. अंगठा आला.’

‘फोटो नाही म्हणत मी.’

दारापर्यंत ते पोचवायला आले. साखर त्यांनी एका वाटीत काढून घेतली होती. डबा पुन्हा तिच्याच हातात दिला, म्हणाले, बॅगेत जागा नाही, आणि सुनेला याचा उपयोग नाही.

गाडीत बसून तिने किल्ली फिरवली नाही. साडेअकरा वाजले होते, म्हणजे नागपूरला रात्रीचे नऊ. तिने फोन लावला.

‘अगं, आत्ता? काय झालं?’

‘काही झालं नाही,’ प्रतिमा म्हणाली आणि थांबली. ‘अरुण, मला इथे एकटीला राहवत नाही. केव्हापासून राहवत नाही. मी ठीक आहे म्हणते ना रोज, ते खोटं असतं.’

मग लांबून, आतल्या खोलीतून सासऱ्यांचा पातळ आवाज आला. ‘अरुण. अरे अरुण.’ चौदा महिने त्या दोघांचा प्रत्येक फोन याच हाकेवर तुटत आला होता. तिने फोन कानापासून थोडा दूर धरला आणि ‘ठेवतो गं’ची वाट पाहिली.

‘अरुण,’ पुन्हा हाक आली.

दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. सासऱ्यांचा आवाज दाराआड गेला, पण थांबला नाही.

‘बाबा हाक मारतायत,’ ती म्हणाली.

‘ऐकू येतंय मला. पाच मिनिटं थांबतील ते. तू बोल.’

चौदा महिने पाच मिनिटांत कसे बसवायचे ते तिला कळेना. ती बोलायला लागली.